लाल गोळीची साक्ष

३ जून

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

घोट्याच्या हाडातला जंतू वर्षभर ठाण मांडून बसलाय. सोमवारी तुझ्या हॉस्पिटलातले तीन मोठे डॉक्टर माझ्या पायाभोवती जमले. जंतू फार हट्टी आहे, पाऊल काढावं लागेल, यावर तिघांचं एकमत झालं. मला कोणी काही विचारलं नाही, सगळी विचारपूस पायाचीच चालली होती.

एवढं शिकून भाची औषधांच्या खिडकीत पुड्या बांधते, असं मी म्हटलं तर मामी माझ्यावरच उखडली. असो. माझ्याकडून कसूर नाही. तीन महिन्यांत सकाळची लाल गोळी एकदाही चुकलेली नाही. बाकी तब्येत ठणठणीत: झोप शांत, लघवी पाण्यासारखी स्वच्छ. तरी पाऊल जाणार. छत्तीस वर्षं हेडमास्तरकी याच पायांवर उभं राहून केली गं.

लोभ आहेच, तो पाऊल गेलं तरी कमी करू नकोस.

तुझा मामा

७ जून

ती. मामांना सा. न. वि. वि.

लघवी पाण्यासारखी, हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. मामा, ती लाल गोळी पोटात गेली की लघवी केशरी होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. मी दिलेल्या कागदावर पहिल्याच ओळीत हे लिहिलं होतं. तो कागद टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली आहे आणि गोळ्या तुमच्या निरोपसमारंभाच्या फुलदाणीत, असं मामीनं फोनवर सांगितलं.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. खिडकीतून निदान करायचं नसतं, असं ते म्हणाले. मी तुमचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग औषध नव्यानं सुरू करण्याची कल्पना त्यांना स्वतःलाच सुचली. जंतू पुन्हा तपासला, या गोळीला तो अजून भितो. तुमची रक्तदाबाची गोळी मात्र बदलून घेतली आहे, कारण लाल गोळी तिला निकामी करते. पावलाला तीन महिन्यांची मुदत मिळाली आहे. लाल गोळी रिकाम्या पोटी, तिच्या जोडीला जंतूवरचीच दुसरी, पांढरी, जेवणानंतर, दोन्ही रोज.

कॉपी करणाऱ्याला तुम्ही हात पुढे करायला लावायचात. तुमचं काय करू? राग आलाय, आणि भीतीही वाटते. खोटं का बोललात, एवढं लिहा.

मामीला नमस्कार. तुमच्यावर रागावूनही तुमचीच,

चिमणी

११ सप्टेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद.

उत्तराला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. पहिल्याच दिवशी तो रंग पाहिला आणि वाटलं, आपण आतूनही संपलो. न कळलं तर विचारा, हे पोरांना जन्मभर शिकवलं आणि स्वतः मुकाट्यानं गोळी फुलदाणीत टाकत राहिलो. आता मामी रोज बाथरूमबाहेर उभी राहून रंग विचारते. इतकी कडक तपासणी मी शाळेतही केली नाही.

आज डॉक्टर म्हणाले, पाऊल राहील. मग शिकाऊ डॉक्टरांना स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल व्याख्यान देऊ लागले. मी हात वर केला आणि सांगितलं, हे काम खिडकीतल्या बाईंचं आहे. व्याख्यान आटोपतं घेतलं गेलं.

नंतर तुझ्या खिडकीच्या रांगेत उभा राहिलो, दोन्ही पावलांवर. तू एका म्हातारीला गोळी कशी घेता ते विचारत होतीस, आणि तिचं लांबण लावलेलं उत्तर पुरतं ऐकत होतीस. नंबर यायच्या आतच परतलो.

खाली कागदावर लिहिताना पडलेल्या थेंबाचा केशरी डाग दिसेल. तो चहाचा नाही. गोळी चालू असल्याचा पुरावा म्हणून जपून ठेव.

तुझा मामा