खिडकीवालीची कूस

सोमवार, ३ मार्च

घंटा दाबली दहा वाजून पाच मिनिटांनी. मावशी उगवली सव्वीसला. एकवीस मिनिटं! माझ्या वॉर्डात तीनच्या वर गेलं की मी लेखी खुलासा मागायचे. चाळीस वर्षं नर्सिंग, त्यातली बारा मेट्रन म्हणून — आणि आता भांडंभर पाण्यासाठी घंटा दाबून वाट बघायची.

जेवणाच्या खोलीबाहेर नोटीस लागली आहे. अठराला तपासणी पथक येणार, या शुश्रूषागृहाचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा ते ठरवणार. वाचलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

पथकाच्या आधी मीच तपासते. घंटा, गोळ्या, चादरी, नखं, सगळं इथे टिपणार. परवाना गेला की चिरंजीवांना यावंच लागेल मला न्यायला. मान खाली घालून! "आई, तिथे तुला सोबत मिळेल," म्हणाला होता. कारण काय, तर दोनदा गॅस चालू राहिला. एकदाच राहिला होता. दुसऱ्यांदा सूनबाईंनी ठेवला होता, पण माझं ऐकतो कोण.

मंगळवार, ४ मार्च

नाश्त्याआधीची गोळी आणि नंतरची, दोन्ही एकाच वाटीत. टिपलं. इन्चार्ज सिस्टरला विचारलं तर ती हसली. तिला काहीही विचारा, हसते. मी तिचं नाव हसरी ठेवलं आहे. अठराला बघते किती हसते ते.

गुरुवार, ६ मार्च

घबाड सापडलं!

माझ्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई आहे. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, फक्त डावा हात हलतो. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री आणि पहाटे मावशी येऊन बदलते, मी जागी असते, खोटं कशाला बोलू. पण दिवसा? दहा, बारा, दोन, चार — कोणी फिरकत नाही! इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला राहवेना. मीच बदलू लागले. पडदा ओढून घेते, गुडघा वाकवते, खांदा आणि कंबर एकदम धरून वळवते, पाठीमागे उशी. कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर फुकटची नर्स मिळाली म्हणून बसतील सगळे हातावर हात ठेवून.

आज ड्यूटीरूमच्या खिडकीतून तिचा तक्ता दिसला. लांबून अक्षर लागलं नाही, पण चौकटी दिसल्या. दहा, बारा, दोन, चार — चारही रकाने भरलेले. रोजचे! हात न लावता! रक्त उकळलं माझं.

रविवार, ९ मार्च

मुलाचा फोन. दिवस कसा जातो म्हणे. जातो, म्हटलं. काही करतेस का? काय करणार, पडून असते. तो "बरं" म्हणाला. हसल्यासारखा वाटला. हस बाबा. आईला टाकून हसू येतंय तर हस.

मावशी आजही खिडकीवालीच्या पायथ्याशी जास्तीची उशी टाकून गेली. रोज दहाच्या सुमाराला टाकते. उचलून कपाटात ठेवायची शुद्ध नाही. मला पाठीमागे लावायला उपयोगी पडते, ते सोडा. टिपलं — अव्यवस्था.

बुधवार, १२ मार्च

दोन वाजता कूस बदलताना खिडकीवालीने माझं बोट धरलं. सोडवायला वेळ लागला.

शुक्रवार, १४ मार्च

वही वाचून काढली. घंटा, गोळ्या, उशी. पथक काय करणार याचं? समज देऊन चहा पिऊन जाईल. मी स्वतः अशा तपासण्या निभावल्या आहेत, मला ठाऊक आहे. खोट्या तक्त्याचं पितळ उघडं पाडायचं तर खिडकीवालीची पाठ त्यांना दाखवावी लागेल. आणि पाठ माझ्यामुळे स्वच्छ आहे. त्यांची लाज मीच झाकते आहे!

हसरी उद्यापासून तीन दिवस रजेवर.

मी उद्यापासून हात लावणार नाही. त्यांचं काम आहे, त्यांनी करावं.

शनिवार, १५ मार्च

दहा. बारा. दोन. चार. मी खुर्चीत. उशी पायथ्याशी. कोणीही आलं नाही. तंतोतंत माझ्या म्हणण्याप्रमाणे!

रविवार, १६ मार्च

खिडकीवाली माझ्याकडे बघते. डावा हात कठड्यावर आपटते. मी खुर्ची दाराकडे वळवून घेतली.

मावशी बाराला डोकावली, पडदा ओढलेला बघून परत गेली. पडदा मीच ओढला होता. खिडकीवालीचं बघणं सोसवेना म्हणून.

सोमवार, १७ मार्च

दुपारी तिची पाठ बघितली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा. बोटाने दाबला, पांढरा पडत नाही. मधोमध कातडी सुटली आहे.

माझ्या वॉर्डात असा चट्टा उठला की मी त्या नर्सला सगळ्यांसमोर उभी करायचे. एकीला म्हटलं होतं, तुझ्या आईची पाठ असती तर? ती रडली होती. मला बरं वाटलं होतं.

एकच रात्र. उद्या संपलं सगळं. चट्टा भरून येतो. मी भरून आणीन.

मंगळवार, १८ मार्च

झालं! तपासणीबाई खोलीत आल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात, कमी बोलणाऱ्या. मी उठून उभी राहिले, मेट्रन होते म्हणून सांगितलं आणि खिडकीवालीची चादर स्वतःच्या हाताने वर केली. म्हटलं, "दिवसा हिला कोणी हात लावत नाही आणि तक्ता मात्र रोज भरतात. मागवा तक्ता."

बाईंनी चट्टा मोजला, लिहून घेतला. हसरी रजेवरून आजच आलेली. ती चट्ट्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. हसली नाही. एवढ्यासाठी तर दोन आठवडे वही भरली! संध्याकाळी बॅगेत दोन साड्या घालून ठेवल्या.

बुधवार, १९ मार्च

ऑफिसात बोलावलं. टेबलावर तक्ता. रात्री-पहाटेच्या रकान्यांत मावशीची सही. दहा, बारा, दोन, चारच्या रकान्यांत जानेवारीपासून रोज एकच शब्द — मेट्रन. हसरीच्या अक्षरात. शेवटचे तीन दिवस मावशीच्या अक्षरात, सवयीने, पडदा बघून भरलेले. तपासणीबाई म्हणाल्या, हे नियमात बसत नाही, शेरा बसेलच. मग विचारलं, "मेट्रन कोण?" हसरी मान खाली घालून बसली होती. मी म्हटलं, मी.

फाइलमध्ये माझा प्रवेशाचा अर्ज होता. विशेष सूचना, मुलाच्या अक्षरात: "आईला काम लागतं. पण सांगितलेलं करणार नाही. तिचं तिला सापडू द्या."

खोलीत परत आले. दहा वाजले होते. खिडकीवालीची कूस कोणीतरी बदलून गेलं होतं. पायथ्याशी उशी नव्हती.