जाऊबाईंचं नाक

३ एप्रिल

परत निरोप! "वहिनी म्हणायल्यात, जिन्यात उभं राहवत न्हाई इतका वास मारायलाय मांजराचा." ह्यांनी चपला काढता काढता सांगितलं आणि सरळ न्हाणीत शिरले. निरोप टाकायचा नि पळायचं. योगीराज हे नाव ठेवताना सासूबाईंना पोस्टमन ठेवायचं सुचलं नाही.

खाली जाऊबाई नि थोरले दत्तभाऊजी, वर आम्ही. दोघींत अबोला, आमच्या वरच्या मजल्याच्या वास्तुशांतीपासूनचा. मीच त्यांना दिवाळीला दिलेली साडी त्यांनी आहेर म्हणून मलाच फिरवून दिली! घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पदरावरचा हळदीचा ठिपका माझ्याच बोटाचा, मी ओळखणार नाही? तेव्हापासून त्यांचं म्हणणं मला आणि माझं म्हणणं त्यांना ह्यांच्या तोंडून जातं. इतके दिवस मी त्यांच्या डोळ्यांत खुपत होते, आता मांजर नाकात खुपायला लागलं.

मनी अपेक्षाची आहे. नांदेडला शिकायला जाताना लेकीनं ती माझ्या मांडीवर ठेवली. "आई, हिला सांभाळ. बाकी मी काही मागत नाही." झालं, विषय संपला. जाऊबाईंचं नाक कापून ठेवावं लागलं तरी मनी कुठं जाणार नाही.

५ एप्रिल

परभणीहून सुगंधी खडे आणवले, मांजराच्या शी-शूच्या घमेल्यात टाकायचे. गुलाबाचा वास! पिशवीवर हसरं मांजर. आमचं मांजर हसलं नाही. हुंगलं, शिंकलं, आणि जाऊन ह्यांच्या गादीवर बसलं. गुलाब घमेल्यात, बाकी सगळं गादीवर!

ह्यांनी गादी उचलून गच्चीवर उन्हात टाकली आणि मनीकडे नुसतं बघितलं. ह्यांचा स्वभावच तसा. कोणाला तोंडावर वाईट म्हणून बोलायचे नाहीत. अख्खी गल्ली म्हणते, योगीराजभाऊ म्हणजे गरीब गाय.

६ एप्रिल

अपेक्षाचा फोन. खूप रागावली. "आई, मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतं. आपल्याला गुलाब, तिला मिरचीची धुरी. बिनवासाचं आण. आणि फिनाईलनं पुसू नकोस, त्यांना ते विष असतं."

मी कालच पुसलं होतं. परत साध्या पाण्यानं सगळी फरशी धुऊन काढली. मनी कपाटावरून माझ्याकडे बघत होती.

९ एप्रिल

गल्लीतल्या पार्वतीबाईंची चूल अजून पेटते. त्यांनी पाटीभर राख दिली. "राखंनं समदा वास मरतो बाई. आमी लेकराच्या घाणीवर राखच टाकीत आलो जन्मभर." मलाही पटलं. आईसुद्धा तेच करायची.

सकाळी राख टाकली. दुपारी खोलीत पाऊल ठेववेना! नुसता वास नाही, झोंबरा. डोळ्यांतून पाणी. अपेक्षा म्हणाली, राख मुतात मिसळली की तो झोंबणारा वायू आणखी जोरात सुटतो. लेकराच्या घाणीचं वेगळं, मांजराच्या मुताचं वेगळं. हे शास्त्र पार्वतीबाईंना कोण सांगणार?

१० एप्रिल

"वहिनी म्हणायल्यात, डोळे चुरचुरायलेत."

आज खरंच होतं ते. तरी राग आलाच.

१६ एप्रिल

शोध लागला!

कुरिअरनं बिनवासाची महागडी पिशवी आली. दाणेदार, करड्या रंगाची. ओलं झालं की त्याचा गोळा होतो, तेवढा उचलून टाकायचा, बाकीचं कोरडंच राहतं. मी चिमूटभर पाण्यात भिजवून बोटांत मळली आणि हसूच आलं. ही तर आपली काळी माती! आमच्याच रानातली, नुसती गोरी होऊन आलेली. पाणी पडलं की फुगते, चपलेला धरली की सोडत नाही. इथं जन्म काढला आणि मांजरासाठी माती पिशवीतून मागवली!

ह्यांना रानात पाठवून गोणीभर ढेकळं आणली. गच्चीवर फोडून कडक उन्हात वाळवली. गव्हाच्या चाळणीनं चाळली, धूळ फेकली, बारीक खडे ठेवले. मनीनं हुंगलं, उकरलं, बसली. जणू गावाकडं आली.

गोळे उचलायला घरातला झारा घेतला. "आता भजे कशानं तळायचे?" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हटलं, नवा आणा.

२१ एप्रिल

घडी बसली. सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे. ते झाकणाच्या बादलीत, कचरागाडी येईपर्यंत गच्चीच्या कोपऱ्यात. मातीत थोडा खायचा सोडा. रविवारी सगळी माती बदलायची आणि घमेलं नुसत्या गरम पाण्यानं धुऊन उन्हात पालथं घालायचं. बाजूला जुनं पोतं अंथरलंय, त्यावर मनीचे पाय पुसले जातात. नाहीतर घरभर काळे ठसे.

वास? औषधालाही नाही! गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस घमेल्याशेजारी टेकून पाणी प्यायला. "मावशी, मांजर हाय व्हय तुमच्याकडं?" मनी दिसली तेव्हा विचारलं त्यानं.

आता बघते, खालचं नाक काय बोलतं.

२३ एप्रिल

बोललं!

"वहिनी म्हणायल्यात, अजूनबी वास हायच. भक्तीला बघायला जिंतूरचे पाहुणे येणार हायेत सात तारखेला. त्याच्या आत मांजराचा बंदोबस्त करा म्हणायल्यात."

बंदोबस्त! म्हणजे वासाचं निमित्त होतं. मांजर नको, कारण ते माझं आहे. मी माती चाळून चाळून हाताची सालटं काढली आणि ह्या बाईला अजून वास येतोय. मी ह्यांना म्हटलं, त्यांना सांगा, वास त्यांच्या मनाला येतोय. हे म्हणाले, "बरं, सांगतो." आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

भक्ती, जाऊबाईंची लेक, गुणी पोर आहे. तिचं चांगलं व्हावं. पण तिच्या आईचं? रात्रंदिवस त्या बाईच्या तोंडचं पाणी कसं पळेल याचाच विचार करतेय. त्यांच्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालावा. त्यांच्या पापडांवर गच्चीवरून पाणी सांडावं. छे, पोरकटपणा! याहून मोठं काहीतरी हवं.

२८ एप्रिल

मनी नाही.

सकाळी मी बाजारात गेले होते. परत आले तर नाही. जिन्याचं दार उघडं. कपाटावर नाही, गच्चीवर नाही, पाण्याच्या टाकीमागं नाही. वाटीतलं दूध तसंच.

२९ एप्रिल

रेल्वे फाटकापर्यंत हाका मारत गेले. लोक वळून वळून बघत होते. बघू देत.

ह्यांना विचारलं. खाली मान घालून म्हणाले, "मला काय म्हाईत? वहिनी म्हणत व्हत्या बंदोबस्त करा म्हणून. त्यांनीच कुनाला तरी सांगून सोडून दिलं असंल. जाऊ दे आता, मांजरच हाय."

मांजरच हाय! अपेक्षाला काय सांगू? फोन आला तर उचलला नाही मी. पहिल्यांदाच.

पोत्यात घालून सोडलं असेल. असंच करतात इथं. वाट सापडू नये म्हणून पोत्याचं तोंड बांधून दूर नेतात. ह्या उन्हात! जाऊबाई, तुम्ही आता बघा.

१ मे

ठरलं. कूलर!

खालच्या बैठकीचा कूलर माझ्या जिन्याखालीच उभा आहे, खिडकीला तोंड करून. पाहुणे आले की लावणारच. बेचाळीसच्या उन्हात दुसरं काय करतील? आणि कूलरच्या टाकीत जे असेल ते सगळं वाळ्याच्या जाळीतून थेट सोयऱ्यांच्या तोंडावर.

मनी गेली त्या दिवसापासून घमेलं तसंच आहे. गच्चीवरची बादलीही मी गाडीला दिलेली नाही. हातच होईना. आता बरं वाटतंय की नाही दिली. पार्वतीबाईंची उरलेली राखही आहे. राखेचा गुण मी विसरलेली नाही!

वास म्हणजे काय ते त्यांना एकदा कळू दे. खरा वास.

४ मे

दुपारी खालून मनीचा आवाज आल्यासारखा वाटला. जिन्यात जाऊन उभी राहिले. काही नाही. भास व्हायला लागलेत. त्यापायी दोन अश्रू गळले आणि राग दुप्पट झाला.

बादलीत गोळे आणि राख भिजत घातलीय. ह्यांना सांगितलं, झाडांचं खत आहे.

७ मे

झालं!

सकाळीच जुन्या ओढणीतून दोनदा गाळून घेतलं. गाळ गेला असता तर पंप अडकून सगळा डाव फसला असता. खाली सगळे सैपाकघरात. मी जिना उतरले, टाकीत ओतलं, परत वर. कोणाला पत्ता नाही.

मग भक्ती वर आली. नवी साडी, केसांत गजरा. "काकू, खाली या की. तुमच्याशिवाय कसं वाटंल ते?" घरातलं भांडण पाहुण्यांना दिसू नये, ही रीत. गेले. तीच साडी नेसले, फिरवून दिलेली. मुद्दाम! जाऊबाईंनी साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न.

मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. पोहे आले. दत्तभाऊजींनी कूलर लावला.

आधी मामानं नाक चोळलं. मग मुलाच्या आईनं पदर लावला. मग सगळ्यांचेच डोळे! मुलाच्या आईनं विचारलं, "मांजर हाय का हो घरात?" जाऊबाई पांढऱ्याफटक. खोटं बोलल्या नाहीत. "हाय," म्हणाल्या. एवढंच. "घरात लेकीसारखी वागवतो आमी."

लेकीसारखी! असा संताप आला! पोत्यात घालून सोडायची आणि पाहुण्यांपुढं लेक म्हणायचं!

पाहुण्यांनी पोहे अर्धे ठेवले. चहा नको म्हणाले. ऊन वाढायच्या आत निघतो म्हणाले, भर दुपारी बारा वाजता.

ते गेल्यावर मीच धावत जाऊन कूलर रिकामा केला, टाकी घासली, जाळ्या धुतल्या. दत्तभाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, अबोला असून राजेश्रीच धावून आली." मी पदर खोचून घासत राहिले. पुरावा म्हणून काही उरलं नाही.

८ मे

शांत झोप लागली. बऱ्याच दिवसांनी.

११ मे

भक्ती परडी घेऊन वर आली. परडीत मनी.

"काकांनी पोत्यात घालून कापसाच्या जिनिंगच्या मागं सोडली व्हती. आई बाजारातून यायलती, तिनं बघितलं. उन्हात काकांच्या पाठीमागं जाऊन पोत्याचं तोंड सोडलं. मागच्या खोलीत ठेवलीय तवापासून. सात तारीख होऊ दे, मग सांगू म्हणाली आई, न्हाईतर ऐन वेळी तुमच्यात आन् काकांत भांडण पेटंल. वासाचं तर आई कवाच काही म्हणली न्हाई, काकू. कोण म्हणलं तुमाला?"

मनी माझ्या मांडीवर येऊन बसली. गुबगुबीत झालीय.

जिंतूरहून नकार आला सकाळी. दत्तभाऊजी जाऊबाईंवर ओरडायलेत, वर ऐकू येतंय. आणि जाऊबाई रडत एकच म्हणायल्यात — "चूक माझीच झाली. पाहुण्यांच्या तोंडावर मांजर घरात ठेवायला नको व्हतं मी."