सहा नग सॉफ्टवेअर

३ ऑक्टोबर, सकाळी १०.४०
आजपासून रोजनिशी. कारण मोठं आहे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून नकाशा शाखेच्या सॉफ्टवेअरचं काम माझ्यावर सोपवलं. सहा कॉम्प्युटर, एक वर्षाचं सबस्क्रिप्शन, ३१ तारखेला संपतंय. साहेब म्हणाले, तारीख चुकली तर त्याला कुलूप लागतं, आणि लोकांच्या जमिनीचे नकाशे बंद. मी म्हटलं, पंधरा दिवसांत करतो. साहेब म्हणाले, "बघा."
साहेबांचं 'बघा' म्हणजे विश्वास. बावीस वर्षं खरेदी शाखेत उगाच नाही काढली.
नकाशा शाखेच्या मुख्य ड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे नकाशाबाई म्हणतात, त्यांनी या विषयाची टिपणी ऑगस्टमध्येच पाठवली होती म्हणे. होती. माझ्या ड्रॉवरमध्ये व्यवस्थित ठेवलेली सापडली.

४ ऑक्टोबर
नियम वाचला. सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायचं, आणि तीन कोटेशन हवीत. सोपं आहे.
अटींचा मसुदा दुपारपर्यंत तयार. वेळ वाचवायला गेल्या वर्षीच्या खुर्च्यांच्या खरेदीची फाईल घेतली आणि सगळीकडे 'खुर्ची' काढून 'सॉफ्टवेअर' घातलं. अनुभव म्हणतात तो हाच.
घरी बायकोने विचारलं, नक्की काय विकत घेताय? सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे वस्तू मिळत नाही, वर्षभर वापरायची परवानगी मिळते? मी म्हटलं, तुला नाही कळणार. मग स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं. तिचं बरोबर होतं, पण शब्द चुकीचे होते.

६ ऑक्टोबर
कोटेशनची पत्रं रजिस्टर्ड पोस्टाने रवाना. नकाशाबाई म्हणाल्या, मेल करा, पाच मिनिटांत जाईल. मी विचारलं, मेलवर जावक क्रमांक कुठे टाकायचा? त्या आपल्या शाखेत परत गेल्या. मुद्दा पटला असावा.
संकल्प: या कामात घाई नाही आणि उशीरही नाही.

१३ ऑक्टोबर, दुपारी ३
पहिला विक्रेता आला. भर उन्हात टाय घालून आलेला, अत्यंत नम्र माणूस. कंपनीचं अधिकारपत्र दाखवलं. मग माझं पत्र काढून विचारू लागला, साहेब, अट क्रमांक सात जरा समजावून सांगता का.
अट क्रमांक सात: 'सॉफ्टवेअरला पाच चाके असावीत व ते बसणाऱ्याच्या वजनाने खचू नये.'
मी शांतपणे म्हटलं, ती अट विचाराधीन आहे. तो निघून गेल्यावर शुद्धिपत्रक काढलं. नियमानुसार शुद्धिपत्रकानंतर मुदत दहा दिवसांनी वाढते. हरकत नाही. मूळ योजनेत लवचिकता होतीच.

१७ ऑक्टोबर
आज एक निवृत्त शिक्षिका आल्या. एकट्या राहतात. शेजाऱ्याने त्यांच्या जागेत हातभर आत येऊन भिंत घालायला घेतलीय. रोज दोन विटा पुढे. कोर्टात १५ नोव्हेंबरला सुनावणी आहे आणि वकील म्हणतो, हद्दीचा नकाशा असेल तरच यायचं. त्यांचा अर्ज नकाशा शाखेत रांगेत आहे, तोही बराच मागे.
बाई बोलत होत्या तेव्हा हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मला वाटलं, आपण खुर्चीत बसतो ते कशासाठी? म्हटलं, "बाई, दहा तारखेच्या आत नकाशा तुमच्या हातात. माझा शब्द."
नकाशाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कौतुकाने असेल.

२४ ऑक्टोबर
कोटेशन तीन आली. उघडली. तिसऱ्या विक्रेत्याचं अधिकारपत्र सप्टेंबरमध्येच संपलेलं. मी शिक्का बघितला होता, उत्तम गोल शिक्का आहे. तारीख साहेबांनी बघितली. ते म्हणाले, "अधिकृत म्हणजे आज अधिकृत." वाक्य चांगलं आहे, पण ते मलाच ऐकवायची गरज नव्हती.
तिसरं कोटेशन नव्याने मागवलं. या वेळी मेलने. नकाशाबाईंच्या मेलवरून, कारण माझा जरा अडलाय.

२८ ऑक्टोबर
तिसरं आलं. टायवाल्याचा दर सर्वांत कमी. आदेश टाईप करून सहीला नेला. साहेब आजपासून रजेवर. मंगळवारी येतील.
मी हे साहेबांना आधी विचारायला हवं होतं का? साहेबांनी मला आधी सांगायला हवं होतं. असो.

३१ ऑक्टोबर, सकाळी १०.१५
सॉफ्टवेअर बंद पडलं. स्वतः जाऊन पाहिलं. सहाही स्क्रीनवर एकच संदेश, भाषा फार सभ्य. जुने नकाशे बघता येतात, नवीन काढता येत नाहीत. बाहेर बाकांवर अठरा माणसं, त्यांत त्या शिक्षिकाबाईही. नकाशाबाई एकेकाला समजावत होत्या. मी त्यांना धीर देऊन वर आलो.
नकाशाबाईंनी विचारलं, तोवर नकाशा पूर्वीसारखा हाताने काढला तर चालेल का? मी म्हटलं, नियमात बसत नाही. बसतं की नाही ते पाहिलं नव्हतं, पण बसत असतं तर मला माहीत असतं.

२ नोव्हेंबर
सही झाली. आदेश गेला: 'सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शन, नग सहा.' टायवाल्याचा तासाभरात फोन, लिंक मेलवर पाठवलीय, उघडा आणि सुरू करा. मी त्याला समजावलं की सरकारात वस्तू आधी भांडारात येते. तो म्हणाला, साहेब, वस्तू नाहीये. मी म्हटलं, तो तुमचा प्रश्न.
भांडारपालाकडे गेलो. तो म्हणाला, जे मोजता येत नाही त्याची नोंद करत नाही, आणि नोंद नाही तर बिल नाही. तत्त्वाचा माणूस. त्याचं माझं यासाठीच जमतं.

४ नोव्हेंबर
मार्ग काढला. माझाच. टायवाल्याने सहा पुठ्ठ्याची खोकी आणली, प्रत्येकात एक छापील प्रमाणपत्र. भांडारपालाने खोकी मोजली, हलवून पाहिली, प्रत्येकावर रंगाने नंबर टाकला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. नोंद झाली.
टायवाला जिन्यावर म्हणाला, वीस वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदा केलं. त्याला निरोप देताना मला समाधान वाटलं. माणसाला काहीतरी शिकवून पाठवावं.

८ नोव्हेंबर
खोकी नकाशा शाखेला मिळाली. मागणीपत्रावर एक सही राहिली होती म्हणून चार दिवस. नकाशाबाईंनी पहिलं खोकं उघडून कागद वाचला: सुरू करण्याची लिंक नोंदणीकृत मेलवर पाठवली आहे.
नोंदणीकृत मेल माझा. त्याचा पासवर्ड माझ्या आधीच्या हेडक्लार्कने ठेवलेला. त्याला घरी फोन केला. तो म्हणाला, खिडकीजवळच्या कॅलेंडरवर लिहिलाय. ते कॅलेंडर सात वर्षांपूर्वीचं. खिडकीसुद्धा आता नाहीये, तिथे कपाट आहे.

१० नोव्हेंबर
शिक्षिकाबाई आल्या. दहा तारीख. मी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, काम अंतिम टप्प्यात असल्याचं सांगितलं. त्यांनी पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी वर्गात ही उत्तरं ऐकली. वही घरी राहिली, हे तरी खरं असायचं कधीकधी."
रागाने बोलल्या असत्या तर मी ऐकवलं असतं. पण रागाने नाही बोलल्या. भिंत खांद्यापर्यंत आली म्हणाल्या आणि नकाशा शाखेकडे गेल्या.
दुपारी पासवर्ड बदलून मेल उघडला. लिंक सापडली. मुदत सात दिवस. काल संपली.

११ नोव्हेंबर
नवी लिंक कंपनी देते. कंपनीला विक्रेता सांगतो. विक्रेत्याला साहेबांच्या सहीचं पत्र लागतं. पत्राचा मसुदा केला, खाडाखोड न करता. साहेब बैठकीला गेलेत. एकूणात प्रगती समाधानकारक.
जेवण गेलं नाही. हवामानामुळे असेल.

१४ नोव्हेंबर
आज एक गोष्ट कळली. नकाशाबाई शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, टेप घेऊन त्या शिक्षिकाबाईंच्या जागेवर गेल्या. टेपचं दुसरं टोक शिक्षिकाबाईंनी धरलं. रविवारी घरच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून हाताने नकाशा काढला, शाई, पट्टी, सगळं पूर्वीचं. आज सकाळी साहेबांनी सही केली. मी नियमाचा मुद्दा काढला. साहेबांनी नियमपुस्तक उघडून परिच्छेद दाखवला. हाताने काढलेला चालतो. कायमच चालत होता.
नकाशा पाहिला. कोपऱ्यात उत्तरेचा बाण, इतका सरळ की बघत राहावं. मी म्हटलं, छान. नकाशाबाई म्हणाल्या, "तुम्ही एकतीस तारखेला हो म्हणाला असता, तर बाकीच्या सतरांचेही झाले असते."
मी जागेवर आलो आणि फाईलला टॅग घातला. तो टॅग आधीच घातलेला होता.

१७ नोव्हेंबर
सॉफ्टवेअर सुरू झालं. वर्ष मात्र दोन तारखेपासून मोजलंय. पंधरा दिवस आपण खोक्यांत वापरले, असं साहेब म्हणाले. विनोद असावा. हसलो.

१८ नोव्हेंबर
शिक्षिकाबाई आल्या. हातात बिस्किटांचा डबा. कोर्टाने भिंत थांबवली, हातभर पाडायलाही सांगितलं. सगळी शाखा जमली. मी शर्ट नीट केला आणि उठून उभा राहिलो. दोन शब्द बोलायचे ठरवले होते, सहकार्य आणि चिकाटी या विषयावर.
बाई सरळ माझ्याकडे आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी त्यात मोबाईल ठेवला.
"तुम्ही मोकळे दिसताय," म्हणाल्या. "आमचा सगळ्यांचा एक फोटो काढता का?"
काढला. दोनदा काढला, पहिल्यात नकाशाबाईंचे डोळे मिटले होते. दुसरा चांगला आला. सगळे हसतायत.
संध्याकाळी बायकोने विचारलं, कसा गेला दिवस. तिला सगळं सांगितलं, चाकांपासून फोटोपर्यंत, काही न वगळता. ती हसली नाही. माझ्या ताटात वाढत राहिली.
हसली असती तर बरं झालं असतं.