भिंतीपलीकडे जाणारी ऊब

मी, तक जोम-रे, खाणकामगार कै. ग्वाक मान-शिक यांची पत्नी, राहणार तेबेक, खाणीच्या जुन्या चाळीतली शेवटून दुसरी खोली, धंदा चूल विझू न देणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला मुलगा आला होता, त्याला जेवू घालून परत पाठवले. लेखनिक निवृत्त कारकून शीमसाहेब असून माझ्या, खालून चुलीच्या धगीने तापलेल्या जमिनीवर बसून त्यांना दोनदा डुलकी लागली, ही नोंद असावी.

कलम एक, घर. घर मुलगा इन-गु याला मिळावे. तो वोन्जूला इमारतीत राहतो. तिथे बटण दाबले की जमीन तापते, त्यामुळे त्याला थंडीची अक्कल उरलेली नाही. "आई, आता कोळसा कोण जाळतं गं? तेलाचा बॉयलर बसवून देतो," असे तो दर हिवाळ्यात म्हणतो. घराची अट कलम चारमध्ये आहे. इन-गु, उडी मारून तिकडे जाऊ नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

कलम दोन, सामान. कोळशाच्या वड्या उचलायचा लांब चिमटा सुनेला द्यावा. चुलीत वरच्या वडीची भोके खालच्या वडीच्या भोकांवर नेमकी बसवावी लागतात. सुनेने एकदा बसवली आणि चुलीने जीव सोडला. चिमटा तिने शोभेला टांगला तरी चालेल, पण "सासूबाईंनी शिकवलं" असे पाहुण्यांना सांगू नये. चुलीलगतची जमीन, जी तापून तापून तपकिरी झाली आहे, ती वेगळी कोणाला देता येत नाही म्हणे. मला वाईट वाटले. मान-शिक पाळीवरून येईपर्यंत त्याची भाताची वाटी तिथे गोधडीखाली गरम राहायची. तो गेल्यावरही काही दिवस मी वाटी ठेवत होते. आता तिथे मांजर झोपते. मांजर उबेच्या मागे आपले आपण जाईल, त्याला कलम लागत नाही.

कलम तीन, वैर. माझ्या भिंतीपलीकडे, शेवटच्या खोलीत, मेंग सुन-दोक उर्फ योंग-तेची आई राहते. एका नववर्षाच्या सकाळी माझी चूल विझली. चाळीची रीत अशी, की नवी वडी घेऊन शेजारी जायचे आणि बदल्यात पेटती आणायची. मी कोरी, सुबक वडी नेली. हिने दिलेली पेटती निम्म्याहून जास्त राख झालेली. पूर्वजांपुढे ठेवायचा रस्सा उकळलाच नाही. सासरच्या सगळ्या पिढ्या गार रस्सा जेवल्या आणि दीर फुगून गेले. जाब विचारला तर म्हणते, "पेटती होती ना? मग झालं. तुझ्या पूर्वजांना काय जीभ पोळून घ्यायचीये?" तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. कंबर धरल्यापासून तिला वड्या उचलवत नाहीत. लेकाने विजेची गादी दिली आहे, पण ती गादीला घाबरते. म्हणून माझ्या भिंतीला चिकटून झोपते, आणि भिंत गार पडली की काठीने ठोकते. लाजबीज काही नाही.

कलम चार, अट. मेंग सुन-दोक जिवंत असेपर्यंत इन-गुने घर पाडू नये, बॉयलर आणू नये, आणि माणूस ठेवून माझी चूल प्रत्येक हिवाळाभर पेटती ठेवावी. हे तिच्या भल्यासाठी नाही. थंडीने जमिनीला भेगा पडतात.

यावर शीमसाहेब म्हणाले, "आजी, हा तर तिला लाभ झाला. लाभ होणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, आणि तुम्ही तर तिलाच साक्षीला बोलावलंय."

"मग चाळीत दुसरं उरलंय कोण? लिहा, भिंतीतून ऊब जाते ती गळती आहे. छपरातून पाणी गळतं तशी. गळतीचा कुणाला लाभ होतो का?"

शीमसाहेबांनी डोके खाजवून तसे लिहिले. नंतर सर्व मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला.

साक्षीदार पहिला: बांग दोक-पाल, कोळसेवाला. सही केली. अंगठा न मागता उमटला.

साक्षीदार दुसरी: मेंग सुन-दोक. सही नाही. तिच्या अक्षरात पुढीलप्रमाणे: "मी साक्षीदार होऊ शकत नाही. मला लाभ होतो, रोज होतो. आणि त्या सकाळी माझ्या चुलीत तेवढी एकच वडी पेटती होती. तीच दिली."

साक्षीदार दुसरा, ऐनवेळचा: पोस्टमन श्री. नाम, टपाल द्यायला आले होते, बसवून ठेवले. सही.

दुरुस्ती, माझ्या सांगण्यावरून: कलम चारमधील ऊब मी सुन-दोकला देत आहे. कारण लिहावे लागत नाही, असे शीमसाहेब म्हणतात, म्हणून लिहीत नाही. तिला आत यायला सांगितले आहे. दार उघडे टाकून उंबऱ्यावर उभी आहे, घर गार पडते आहे.

तेबेक, १४ नोव्हेंबर १९९८
तक जोम-रे (सही व शिक्का)