तातय जिवंत आहेत, काळजी नसावी

प्रिय मानांग सोर्सिंग,

थोरल्या बहिणीचा हात कपाळाला लावल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नाही, असं नानयने आपल्या दोघी लेकींना शिकवलंय. तेव्हा तुझा हात हाँगकाँगहून जरा पुढे कर, मी इथून डोकं वाकवते. झालं. तू बरी असशीलच. तुझी मालकीण, तिचं कुत्रं आणि त्या कुत्र्याचा डॉक्टर हेही मजेत असतील. आमचं विचारशील तर नानय खुशाल आहे, तुझी लेक नियमाने कॉलेजला जाते आणि नियमाने उशिरा परत येते, आणि तातय जिवंत आहेत. हे शेवटचं वेगळं सांगायचं कारण तुला माहीत आहे. त्या दिवशी तू बापासाठी रडत रडत फोन केलास, तातयनी स्वतः तो उचलला आणि तू किंकाळी फोडून ठेवून दिलास. पुढच्या फोनवर ‘ऑपरेशन झालं, बरं आहे’ एवढंच तुला कळलं. सविस्तर खुलासा फोनवर होत नाही, कारण तातय शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करतात. म्हणून हे पत्र. शेजारच्या तियाय बेबांगची भाची जोवेलिन सुट्टी संपवून परत तिकडे निघाली आहे, तिच्याबरोबर पाठवते. आणि हो, हे पत्र पैसे मागण्यासाठी नाही. पाकीट उघडताना तू जो सुस्कारा सोडलास तो मला इथे ऐकू आला, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मूळ दुखणं तसं जुनंच. होडी वाळूवरून ढकलताना तातयच्या जांघेत लिंबाएवढं काहीतरी वर यायचं आणि आडवं पडलं की आत जायचं. विचारलं तर म्हणायचे, “वारा धरलाय.” (आपल्या घरात कुणालाही काहीही झालं तरी तो वाराच असतो. आजोबा छपरावरून पडले तेव्हाही ते वारा धरलाय म्हणतच उठले होते.) पुढे लिंबाचा पेरू झाला तरी वारा तो वाराच. मग तियाय बेबांगनी प्रकरण हातात घेतलं. शेजारच्या घरात दुखणं आहे आणि आपल्याला कुणी विचारलं नाही, हे त्यांना सहन होत नाही. त्यांनी आल्याचं तेल चोळलं, गाठीवर जुनं नाणं ठेवलं (नवं चालत नाही, नव्यात जोर नसतो म्हणे) आणि वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा करकचून बांधला. तो पट्टा बांधून तातय रविवारी चर्चमध्ये गेले, गुडघे टेकले, आणि ऐन शांततेत ट्यूब सुटली. तो आवाज तुला काय वर्णन करून सांगू! पाद्रीबाबा प्रार्थना विसरले. खापर फुटलं ते पुढच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या आईवर, आणि तातयनीही बिचारीकडे वळून अशा नजरेने पाहिलं की जणू त्यांना धक्काच बसलाय.

त्यानंतर निवडणूक आली आणि निवडणुकीबरोबर फुकट तपासणीचं शिबिर आलं. मी तातयना पहाटेच रांगेत उभं करून दुकान उघडायला परत आले, हीच चूक झाली. ते दुपारी घरी आले ते तोंडात कापूस घेऊन. डॉक्टरांची रांग बाजारापर्यंत गेली होती आणि दातवाल्याची रांग अगदी छोटी होती. आता एवढं आलोच आहोत तर काहीतरी फुकट घेऊन जावं, म्हणून तातय दाढ काढून आले. दाढ दुखत होती का? तर नाही. चांगली होती का? तर दातवाला म्हणे, “आजोबा, ही अजून वीस वर्षं टिकली असती.” वर एक चष्माही मिळाला होता. तो घातला की त्यांना समुद्र उभा दिसायचा. गाठ जिथल्या तिथे.

शेवटी मी आणि नानय त्यांना धरून (खरं म्हणजे कोंबड्यांची झुंज बघायला नेतो असं सांगून) प्रांताच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टरीण लहानशी, तुझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी, पण बोलायला खमकी. ती म्हणाली, हा अंतर्गळ आहे, आणि आता थांबू नका, एखाद्या दिवशी आतडं त्यात अडकून बसलं तर इथपर्यंत आणायलाही वेळ मिळणार नाही. नानयने तिथेच बाहीने, म्हणजे माझ्या बाहीने, डोळे पुसले. तातय पहिल्यांदा गप्प बसले. ते गप्प बसलेले मी याआधी फक्त वादळात पाहिले होते, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. मग डॉक्टरीणबाई म्हणाली, विम्याच्या कार्डावर खाट फुकट, ऑपरेशन फुकट, भूल फुकट, पण आत बसवायची जाळी आमच्याकडची संपली आहे, तेवढी बाहेरून आणा. जाळी म्हटल्यावर तातयना एकदम कंठ फुटला. “जाळी होय! अगं पोरी, घरी दोन आहेत की! कुठली हवी, बांगड्याची का कोळंबीची?”

मानांग, ती जाळी मी पाहिली. तळहाताएवढी. आपल्या ज्या मोठ्या जाळ्यात आपण दोघी लहानपणी झोके घ्यायचो, त्याच्याहून ती महाग. औषधाच्या दुकानात तातयनी पुडकं हातात घेऊन उजेडाकडे धरलं, प्लॅस्टिकवरून नख फिरवलं आणि दुकानदाराला म्हणाले, “हिला गाठी कुठायत? बिनगाठीचं जाळं एका हंगामात फाटतं. एवढे पैसे घेता आणि गाठ मारायचा कंटाळा?” दुकानदार हसला, तातय हसले नाहीत. बसमध्ये म्हणाले की होडीचं इंजिन विकलं तर जाळी येईल, पण इंजिन विकल्यावर धड पोट घेऊन करायचं काय. आणि सोर्सिंगला यातलं काही कळता कामा नये, तिच्या लेकीच्या फीला हात लावलात तर टेबलावरून उठून घरी चालत येईन, असंही म्हणाले. (आता तुला कळलंच आहे. पण ते ऑपरेशन झाल्यावर, तेव्हा शपथ मोडलेली नाही.)

मग मी हात पसरले. कुणाकडे गेले नाही ते विचार. नातेवाईक, चर्चमधल्या बायका, मासळीचे व्यापारी. वाईट कुणीच बोललं नाही. प्रत्येकाने खुर्ची दिली, काहींनी भातही वाढला, आणि प्रत्येकाच्या घरी त्याच आठवड्यात काहीतरी निघालेलं होतं. शेवटी गावच्या पंचायतीचे सभासद रुस्तिको म्हणाले, मी मदत करतो, पण घरासमोर फ्लेक्स लागला पाहिजे. तुझ्या तातयचा फोटो, माझा फोटो, आणि ‘सभासद रुस्तिको यांच्या सहकार्याने उपचार’. फ्लेक्सचा खर्च अर्थात आमचा. आता इथून पुढे जे घडलं त्यात माझा दोष असा काही नाही, एवढं लक्षात ठेवून वाच. छापखान्यातला माणूस म्हणाला, फोटोच्या मागचं साधं दृश्य नव्याने करायचं तर जास्त पडतील, पण ढगांचं एक तयार आहे, ते स्वस्तात देतो. पांढरे ढग, वरून किरणं, कोपऱ्यात कबुतर. मला तर छानच वाटलं. फोटो मी दिला तो तुझ्या लग्नातला, पांढऱ्या शर्टातला, ज्यात तातय तुझ्या सासऱ्यांकडे बघून गंभीर झालेत. सभासद मात्र दात दाखवून हसत होते.

अक्षरं बारीक होती, आणि अक्षरं वाचतो कोण? आपल्याकडे हिशेब सरळ आहे. फ्लेक्सवर जो हसतो तो निवडणुकीला उभा आणि जो हसत नाही तो गेलेला. तातय मासळी घेऊन बाजाराच्या गावी गेले होते. मी सकाळी फ्लेक्स बांधला आणि दुपारी माणसं यायला लागली. आधी तियाय बेबांगच आल्या, त्या रडतच आल्या. भिंतीला भिंत लागून घर, सकाळी त्याच माणसाशी कोंबडीवरून भांडलेल्या, पण फ्लेक्स पाहिल्यावर त्यांनी डोळ्यांपेक्षा फ्लेक्सवर विश्वास ठेवला. (त्याचा फोटो कुणीतरी तुलाही पाठवला, तुझा तो रडका फोन त्याचाच.) मागोमाग बाकं आली, ताडपत्री आली, मयताच्या घरी जागरणाला लागतो तो पत्त्यांचा जोड आला. रीतीप्रमाणे प्रत्येक डावातला मयताच्या घराचा वाटा टाकायला बिस्किटांचा रिकामा डबाही कुणीतरी मधोमध ठेवला. पैशांची पाकिटं घेऊन तेच सगळे आले, ज्यांच्याकडे त्या आठवड्यात काहीतरी निघालेलं होतं. नानय एकेकाला सांगत होती, “अहो, नाही हो मेले, बाजारात गेलेत!” आणि एकेक जण तिचा हात धरून म्हणत होता, “सुरुवातीला असंच वाटतं, फेलिसा.”

संध्याकाळच्या आत तातय आले. होडी लावली, वर पाहिलं, स्वतःला ढगात पाहिलं. अंगणात आले तेव्हा पत्ते पिसणारे हात थांबले आणि पाद्रीबाबांची आई बाकावरून घसरली. तातयनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला, “इसिद्रो नाही आला?” (इसिद्रो, त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. तो आला नव्हता. तो राग अजून आहे.) लोक खजील झाले, पाकिटं मागायची कशी म्हणून एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात तियाय बेबांग उठल्या. त्यांची ट्यूब सुटली तेव्हापासून त्यांना काहीतरी करून दाखवायचंच होतं. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मेल्यावर देणारच होतात ना? तेव्हा ह्याला त्याचा काय उपयोग? पेटीला लावायचे ते पोटाला लावू दे! आज दिलं तो सुटला, खराखुरा मरेल तेव्हा नुसतं जेवायला या.”

मानांग, खरं सांगते, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. महिनाभर याच माणसांच्या दारात मी उभी होते. ती माणसं वाईट नव्हती गं. जिवंत माणसाला किती द्यायचं, कसं द्यायचं हे कुणालाच माहीत नसतं, देताना लाज वाटते आणि घेतानाही. मेलेल्याची रीत ठरलेली असते, म्हणून हात आपोआप खिशात जातो. नानयला मात्र वेगळीच चिंता. ती म्हणाली, सगळ्यांनी आताच दिलं, तर उद्या शवपेटी कोण घेणार? तातय पत्ते हातात घेऊन बसले होते. म्हणाले, “फेलिसा, आता मला मरायला परवडत नाही. हो म्हण जाळीला.” अंगणात असा हशा उठला की कबुतरवाला कोपरा हलला. डाव पुढे सुरू झाला. तातयच सगळ्यात जास्त हरले, आणि हरलेल्या प्रत्येक डावातला वाटा त्यांच्याच डब्यात पडत होता म्हणून खुशीत होते. उठणाऱ्या प्रत्येकाचे ते आभार मानत होते. मयताच्या घरच्यांनी आभार मानायचे नसतात म्हणून तियाय बेबांग त्यांच्यावर ओरडल्या, मग खुद्द मयताने मानले तर चालतात का यावर तासभर वाद झाला. मयतावरून कुणी थेट घरी जात नाही, वाटेत कुठेतरी टेकावं लागतं, मृत्यू पाठोपाठ येऊ नये म्हणून. आता मृत्यूच झाला नव्हता, पण लोकांनी धोका पत्करला नाही. सगळे माझ्या दुकानात टेकले. त्या दिवसाइतकी विक्री माझी नाताळातही होत नाही.

ऑपरेशन छान झालं. भूल उतरताच तातयनी डॉक्टरीणबाईला विचारलं, “गाठ मारलीस ना?” ती म्हणाली, “चांगली मारली, आजोबा.” तेव्हा कुठे ते झोपले. आता होडी ढकलायला बंदी आहे, म्हणून ते वाळूवर बसून दुसऱ्यांना कशी ढकलायची ते सांगतात. सगळे त्यांच्या तब्येतीची फार काळजी घेतात, कारण ते गेले तर जेवायला घालायला नानयकडे पैसे नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे.

तुझी धाकटी,
पुरिंग

ता. क. सभासदांची मदत अजून आलेली नाही. फ्लेक्स आम्ही काढला. त्यावर आता नानय मासळी वाळत घालते, त्यांच्या हसऱ्या बाजूला.

ता. क. २. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जोवेलिनने तोंड उघडलं. रविवारी तुम्ही सगळ्या भेटता तेव्हा पुलाच्या पायऱ्या चढताना तू मधेच थांबतेस म्हणे, कठडा धरतेस, छातीवर हात ठेवतेस. कुणी विचारलं तर म्हणतेस, “वारा धरलाय.” मानांग, या घरात वारा कधीच वारा नसतो. मालकिणीला कळलं तर काम जाईल म्हणून तू गप्प आहेस, हे मला न सांगता कळतं. वाळलेल्या मासळीच्या पुडक्यात तळाशी बघ. जाळी आणून डब्यात जे उरलं ते सगळं आहे. ते तुझंच, असं तातयनी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं आणि कुणी हरकत घेतली नाही. (पैशांना मासळीचा वास येईल, धुऊ नकोस.) मालकिणीच्या कुत्र्याला तू दर महिन्याला डॉक्टरकडे नेतेस. या रविवारी त्याला घरी ठेव आणि माणसांच्या डॉक्टरकडे तू जा.

ता. क. ३. तातय माझ्या खांद्यावरून वाचत आहेत. ते लिहायला सांगतात, नाही गेलीस तर तुझा फोटो घेऊन ते स्वतः त्या छापखान्यात जातील. ढग अजून आहेत, स्वस्तात होईल.