लेथवरची एक जागा

३ जून, मंगळवार

आज आलेले – शून्य. कालही शून्य. परवा एकजण आला, तो प्रसाधनगृह कुठे आहे विचारायला!

पाच महिने झाले या खोलीत. चर्चच्या मागची, पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली. आता त्यातल्या सहा धड खुर्च्या, एक टेबल, दम लागल्यासारखा आवाज करणारा कॉम्प्युटर आणि आम्ही दोघं. छातीवर बिल्ले लावून. ‘रोजगार मार्गदर्शन’ अशी पाटी बाहेर आहे, पण ती दार उघडलं की दाराआड जाते. म्हणजे आम्ही असलो की पाटी दिसत नाही, आणि पाटी दिसते तेव्हा आम्ही नसतो. ह्यांना तीनदा सांगितलं, दुसरीकडे ठोका. करतो म्हणाले.

दर मंगळवारी चर्चच्या सेवाकार्याच्या प्रमुखांचा फोन. “किती जणांना नोकरी लागली?” एकालाही नाही. “प्रार्थना वाढवा.” मी म्हटलं, प्रार्थना भरपूर आहे, प्रिंटरला शाई नाही.

घर बंद करून या सेवेसाठी निघताना मुलगा म्हणाला होता, “या वयात घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला?” तेव्हा मी त्याला सेवेवर मोठं व्याख्यान दिलं. आता फोनवर विचारतो, “मग, कसं चाललंय?” – मी हवापाण्याचं बोलते.

५ जून, गुरुवार

शाई आली. प्रिंटर बिघडला.

९ जून, सोमवार

अखेर एक माणूस! वय एक्कावन्न. टर्नर – लेथ मशीनवर लोखंड कातून पार्ट बनवतो. कारखाना बंद पडून चौदा महिने झाले. मी अर्ध्या तासात एवढंच काढू शकले. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसतो. प्रश्न विचारला की हाताकडे बघतो, जणू उत्तर तिथे लिहिलंय.

मी चिडून चहा करायला गेले. परत आले तर हे आणि तो एकमेकांना बोटांनी काहीतरी मापं दाखवताहेत. हेही चाळीस वर्षं त्याच धंद्यात, शेवटची बारा फोरमन म्हणून. नवऱ्याला भाषा मिळाली म्हणायची!

खरी गोष्ट त्याने ह्यांनाच सांगितली. त्याची मुलगी कॉलेजचं एक वर्ष करून घरी बसली. बसली कसली – कपड्यांच्या दुकानात दहा तास उभी असते. कॉलेज परत घ्यायला तयार आहे, पण फॉर्म तीस जूनच्या आत. “बापाला काम लागलं तरच जाईन, म्हणते. पोरगी उभी राहते आणि मी घरात लोळतो, साहेब.” एवढं बोलून टोपी घालून निघून गेला.

एकवीस दिवस. नोकरी लागली पाहिजे म्हणजे लागलीच पाहिजे.

१२ जून, गुरुवार

मुलाखतीचा सराव. मी मालक झाले. “तुमच्याबद्दल सांगा.” टर्नर हाताकडे बघतो. मी थांबले. मग बाजूने हे म्हणाले, “तसा चौदा वर्षं एकाच जागी होता, एकही सुटी न घेता.”

“मी तुम्हाला विचारलं का?”

“नाही, पण तो सांगणारच होता.”

दुसरा प्रश्न – परत हेच! तिसऱ्याला मी ह्यांना बाहेर पाठवलं. तर खिडकीतून बोलले!

माणसाला स्वतःचं तोंड उघडू द्यायचं नाही, ही कुठली मदत? घरीही तेच. मुलगा लहान असताना पाहुण्यांनी नाव विचारलं तरी हेच सांगायचे.

शेवटी मी माझा हुकमी उपाय काढला. अर्ध्या मिनिटाचं स्वतःचं वर्णन. मीच लिहिलंय, सगळ्यांना तेच देते. “मी वेळेचा पक्का आहे. पडेल ते काम अंगावर घेतो. मशीनला लेकरासारखं जपतो. चार माणसांत मिळूनमिसळून राहतो.” पाठ करून या म्हटलं. चौतीस वर्षं शाळा चालवली. पाठांतराने कुणाचं वाईट झालेलं मी तरी पाहिलं नाही. आणि बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं.

१६ जून, सोमवार

तीन थांब्यांवर एक वर्कशॉप आहे, तिथे तीन जागा! टर्नर, पॅकिंगवाला, रखवालदार. आमच्याकडे गेल्या आठवड्यात आणखी दोघं आलेत (पाटी हलवली – मीच ठोकली). उद्या तिघांनाही पाठवते. तिघांकडून आज पाठ म्हणून घेतलं. खडखडीत!

१७ जून, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण.

दुपारी वर्कशॉपच्या मालकाचा फोन. आवाजात हसू दाबलेलं. “बाई, तुमच्याकडे माणसांचा साचा आहे का हो?” तिघांनी ओळीने एकच भाषण केलं. पॅकिंगवाला वेळेचा पक्का. रखवालदार मशीनला लेकरासारखं जपणार – गेटवर कुठलं मशीन, गेटच! आणि रात्रभर एकटा बसणारा तो माणूस म्हणे चार माणसांत मिळूनमिसळून राहतो. टर्नर तर तिसऱ्या वाक्याला अडला, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडला, मग नमस्कार करून बाहेर गेला.

माझीच अक्कल. तिघांना एकाच दारात पाठवलं! शाळेत पन्नास मुलं एक कविता म्हणत, तेव्हा लोक टाळ्या वाजवत. तीच सवय.

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. “माझ्या माणसाला बोलायला नका लावू. मशीनवर उभा करून बघा.” शुक्रवारी दहाला या, मालक म्हणाला.

हे एकदाही मला हसले नाहीत. त्याचाही मला रागच आला.

२० जून, शुक्रवार

आज भयंकर चिडले आहे.

तिघं गेलो. लांबट शेड, तेलाचा वास, जमिनीवर लोखंडाचा वेटोळेदार कीस. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. टर्नरला विचारलं, “हा पीस कसा धराल?” टर्नर हाताकडे बघायच्या आत ह्यांनी उत्तर दिलं. “हत्यार कुठलं लावाल?” – हे. “उरलेला कट एकदम घ्याल की दोनदा?” – हे! मी चप्पल आपटली, खोकले, नाव घेऊन हाक मारायची तेवढी बाकी ठेवली.

आणि मग – “थांबा, मी जरा दाखवतो” – म्हणून बाह्या सरसावून स्वतःच मशीनवर उभे राहिले. एकोणसत्तराव्या वर्षी! छातीवर बिल्ला लटकतोय, तो शर्टाच्या खिशात खोचला आणि चाक फिरवायला लागले. दहा मिनिटांत पीस निघाला. मालकाने माप लावलं, चष्मा डोळ्यांवर घेऊन परत लावलं. म्हणाला, “तुम्हीच या सोमवारपासून!” सगळे हसले. टर्नरही हसला बिचारा. मी नाही.

नंतर टर्नरनेही तसाच पीस केला. माप तेच. पण तोवर मालकाचं अर्धं लक्ष ह्यांच्याकडेच. “एकच जागा आहे. कळवतो.”

मी टर्नरला घेऊन तडक बाहेर आले. हे पाचेक मिनिटं मागे रेंगाळले. मशीनला हात लावून बघत असतील, दुसरं काय.

घरी येईपर्यंत कसाबसा दम धरला. दार लावल्यावर सगळं बोलले. “नोकरी कुणाला हवी होती? त्याला की तुम्हाला?”

“राहवलं नाही,” एवढंच म्हणाले. मग हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

२३ जून, सोमवार

फोन नाही.

ह्यांची मात्र स्वारी खुशीत! सकाळी सहालाच दाढी करून तयार. शीळ घालतात. सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून ठेवली, पॅकिंगवाल्याच्या अर्जाची अख्खी प्रत स्वतः लिहून काढली. लोकांची नोकरी धोक्यात आणून माणूस इतका निवांत कसा राहू शकतो?

२४ जून, मंगळवार

फोन नाही. प्रमुखांना सांगितलं, “एक होण्याच्या बेतात आहे.” बेतात!

२५ जून, बुधवार

टर्नर मुलीला घेऊन आला. बाप मुका, पोरगी फटकळ. दुकानातून जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती. उभ्यानेच म्हणाली, “बाई, राग मानू नका, पण बाबांना पाठांतर नका देऊ. घरी आरशासमोर म्हणत होते. मला बघवेना.”

राग कसला मानू? खरंच होतं. मी म्हटलं, चुकलं माझं. चौतीस वर्षांत एका विद्यार्थ्याला असं म्हटलं नव्हतं.

मग तिने हळूच विचारलं, “सोमवारी फॉर्म बंद होतो. तोवर कळेल का?” टर्नर खिडकीबाहेर बघत होता.

ते गेल्यावर ह्यांना म्हटलं, करा ना मालकाला फोन. तुमचं ऐकतो तो. तर म्हणाले, “घाई बरी नाही. माणसाला विचार करायला थोडा वेळ द्यावा.” आणि पेपर उघडला. पेपर कालचा होता.

२७ जून, शुक्रवार

संताप, संताप, संताप. मालकाला तीनदा फोन केला, उचलत नाही. एक हो किंवा एक नाही – एवढं जड असतं का? समोरच्या माणसाचं घर त्यावर टांगलंय, याचं त्याला काही नाही. जागा त्याची, मर्जी त्याची, आणि आपण दाराशी हात जोडून उभे.

सकाळची प्रार्थना मी भांडल्यासारखी केली. इथे आणलंस कशाला, असंच विचारलं. घर बंद करून आलो, नातवंडं फोनवर वाढताहेत, आणि पाच महिन्यांत एक माणूस तुला कामाला लावता येत नाही? हे शेजारी डोळे मिटून होते. ‘आमेन’ म्हणाले नाहीत. माझ्या सुराला घाबरले असतील.

ही सेवा माझाच हट्ट होता. हे नुसते “बरं” म्हणून मागे आले. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून सगळ्यालाच “बरं” म्हणतात.

उद्या ह्यांना न सांगता मीच त्या मालकाच्या दारात जाऊन बसणार.

२८ जून, शनिवार

मालक उलट माझ्यावरच डाफरला. “मला काय विचारता, बाई? तुमच्या साहेबांना त्याच दिवशी बाजूला घेऊन विचारलं, चेष्टा सोडा, खरंच येता का? आठवड्यात सांगतो म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं की तुमचा टर्नर पक्का. मीच थांबलोय त्यांच्यासाठी.”

घरी आले. ओरडायचं ठरवून आले होते. हे खुर्चीत बसले होते, दाढी करून.

“नाहीच म्हणायचं होतं गं. ते काम त्याचंच आहे, कळतं मला,” म्हणाले. “पण नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, येता का म्हणून. रोज म्हणायचो, उद्या सांगू.”

मला रडू फुटलं. फोन त्यांच्यापुढे धरला. वहीत मालकाचा नंबर शोधायला लागले, तोवर ह्यांनी लावलासुद्धा. त्यांना तो पाठ होता.