कोपऱ्यातला ठिपका

१ जून
ताई, लेखनाचा अधिकार नसताना लिहिते आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. रोजनिशीची पाने पाठव, असे तू बजावलेस, म्हणून हे धाडस. आज मामांच्या हाताखाली चित्रपटगृहात रुजू झाले. एकपडदा, जुने, तरीही रुबाबदार! मामा इथले ऑपरेटर. आपली विद्या आपल्याबरोबर संपू नये, म्हणून त्यांनी मला शिकवायचे ठरवले आहे. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर जुळ्या भावांसारखे उभे आहेत. पंडितीणबाई आल्या, आता रिळांनाही व्याकरण येईल, असे म्हणून मामांनी माझे स्वागत केले.

४ जून
रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरा प्रोजेक्टर सुरू करायचा. दुसऱ्या ठिपक्याला पहिल्याचा झोत झाकून दुसऱ्याचा उघडायचा. रीळ बदलल्याचा प्रेक्षकांना पत्ता लागता कामा नये, हीच सारी कला. मी मात्र चित्रपटात रंगले आणि दुसरा ठिपका हुकला. पडदा पांढराफटक, खालून ऑपरेटरच्या झोपेचा यथेच्छ उद्धार झाला. मामा रागावले नाहीत. गोष्ट पाहू नकोस, कोपरा पाहा, म्हणाले. एकदा नजर बसली की जन्मभर सुटत नाही.

११ जून
नजर बसली. दुपारच्या खेळाआधी डोअरकीपर तिकिटे फाडत होता. त्याच्या उजव्या खांद्यावर, हवेत, ठिपका चमकला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. आणि दारात दुसराच माणूस उभा होता. सदरा तोच, हातात तेच अर्धे फाडलेले तिकीट. रांग पुढे सरकली. कुणी मान वर करूनही पाहिले नाही. मामांना विचारले, तर ते म्हणाले, पहिल्यापासून हाच तर आहे दारावर.

१३ जून
मामा चहा ओतत होते. त्यांच्या डोक्याशेजारी पहिला ठिपका. ठिपका पुसता येतो का, मी कसेबसे विचारले. ते हसले. तो फिल्मवरच असतो गं, आपण फक्त वेळ पाळायची, म्हणाले. मी त्यांची बाही घट्ट धरली. दिव्याने भाजलेल्या त्यांच्या अंगठ्यावरून नजर हलू दिली नाही. दुसरा ठिपका—
बाही माझ्या मुठीतच होती. अंगठा मात्र गुळगुळीत.
"काय झालं, बाळ?" तो माणूस म्हणाला.

१४ जून
आईला फोन केला. मामा मला बाळ म्हणत नाहीत, पंडितीणबाई म्हणतात, हे रडत रडत सांगितले.
"अगं, माझा भाऊ तुला पहिल्यापासून बाळच म्हणतो. दमलीस का गं?"
तिचा सख्खा भाऊ. तिलाही नाही कळले. मग आता त्यांची आठवण फक्त माझ्या—

१५ जून
केबिनच्या काचेत माझे प्रतिबिंब. उजवा कोपरा. पहिला.
ताई, मी घरी आले की नीट निरखून पाहा. मामांचा अंगठा कसा होता, ते मला विचार— पण तुलाही काही वेगळे वाटणार नाही, तेच तर— बाही धरायलासुद्धा इथे कुणी—

ही पाने ताईला १५ जून रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाठवली. इकडे सर्व क्षेम. काळजी नसावी.